कोटाच्या खिशातली साखर

विहीणबाई,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून भटजी मागे सरकले न सरकले तोच कुठून तरी आला, एक घास उचलला आणि उल्हास नदीच्या पलीकडे गेलासुद्धा. तुमच्या नणंदबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सुटली बाई. कशात म्हणून जीव अडकला नव्हता." सगळ्यांनी माना डोलावल्या. चार माणसांत काय करणार, मीही डोलावली. पण ते खोटं आहे. तुमची एक इच्छा राहिली होती आणि ती पुरी करणं फक्त माझ्या हातात होतं. चार वर्षं मी ती टाळली. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. कावळ्याला कोणी सांगितलं नसावं.

नणंदबाई तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मीही गप्प राहिले असते. पण परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "तिकडं सुनेच्या बाळंतपणाला नेली आणि बर्फात राबवली हिला. लोकांचे जुने कपडे शिवायला लावले. छाती तिथंच बिघडली, बिचारीची." सून म्हणजे माझी लेक केतकी. ती शेजारीच बसली होती, खाली मान घालून. मी रिक्षावाल्याला सांगितलं, "जरा बाजूला घ्या," आणि नणंदबाईंना म्हटलं, "एक तर, रत्नाताईंना कोणी काही करायला लावलं असं आजवर झालेलं नाही. दुसरं म्हणजे, बिचारी हा शब्द त्यांच्याबद्दल पुन्हा काढायचा नाही." सुतकात असं बोलू नये म्हणतात. तुम्हीही बोलला असतात, म्हणून मी बोलले.

आता खरं काय झालं ते मी सांगणार. तुम्हाला माहीत आहेच, पण माझी बाजू तुम्ही कधी नीट ऐकून घेतली नाहीत. मी सुरुवात केली की तुम्ही मशीन चालू करायचात.

आपलं मुळात ठरलं होतं वेगळंच. केतकीच्या बाळंतपणाला कॅनडात पहिले तीन महिने मी जायचं, पुढचे तीन तुम्ही. एका म्यानात दोन तलवारी नकोत, हे दोन्हीकडच्यांना कळत होतं. पण इराचा जन्म झाला आणि आठव्या दिवशी तुम्ही दारात हजर, उल्हासनगरची एक्स्पोर्टवाली जॅकेटं एकावर एक दोन चढवून. "पहिलं नातवंड ताई, मी काय फोटोत बघू?" बाहेर उणे तीस होतं. त्या दोन जॅकेटांत तुम्ही गाडीपासून दारापर्यंत आलात तेवढ्यात तुमचे ओठ निळे पडले होते, आणि तरी तुमचं पहिलं वाक्य होतं, "केतकीला डिंकाचे लाडू दिले का अळिवाचे?"

अळिवाचे दिले होते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी डिंकाचे केलेत. त्यानंतर दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये आपण जी लढाई लढलो, तिला तोड नाही. मी पाणी उकळून ठेवायचे, तुम्ही त्यात बडीशेप टाकायचात. तुम्ही बाळाला गुंडाळायचात, मी सोडवायचे. ओव्याची धुरी द्यायची म्हणून तुम्ही इलेक्ट्रिक शेगडीवर ओवा टाकलात आणि छताला लावलेली धुराची घंटा अशी केकाटली की अख्खी इमारत त्या थंडीत खाली उतरली. तुम्ही बर्फात उभ्या राहून शेजाऱ्यांना हात जोडत नव्हता, तर सांगत होता, "ओवा, ओवा. गुड फॉर बेबी." मी मात्र ज्याला त्याला सॉरी म्हणत फिरत होते. पुढे जे झालं ते त्या दिवशीच कळायला हवं होतं.

तुम्ही वरमाई, मान तुमचा. पण मनात मी स्वतःला वरचढ समजत होते, हे आज कबूल करते. मी अंबरनाथच्या कारखान्यात खरेदी विभागात बत्तीस वर्षं काढलेली, इंग्रजीत पत्रं लिहिणारी. शिरगावात लिफ्टवाला फ्लॅट. तुम्ही उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या गल्लीत दोन खोल्यांत राहणाऱ्या, पुढच्या खोलीत मशीन, जीन्सवाल्या शेठकडून पोत्यांनी येणारा माल, आणि दिवसभर चेन बसवणं. स्थळ आलं तेव्हा मी म्हटलं होतं, "कॅम्पातलं?" केतकीने ते तुमच्या निलेशला सांगितलं आणि निलेशने तुम्हाला. तुम्ही ते मला कधीच ऐकवलं नाहीत. एवढ्या भांडणांत एकदाही नाही.

मग तो कोट आला. तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गेलात आणि दुधाऐवजी एक काळा, जाड, गुडघ्यापर्यंतचा कोट घेऊन आलात. चर्चच्या तळघरात गरिबांना थंडीचे कपडे वाटायचं केंद्र होतं, त्याच्या बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यातून काढलेला.

"कचऱ्यातून उचललात?" मी किंचाळलेच.

"ताई, नुसत्या रनरपायी फेकलाय हो." चेनवर जो खालीवर सरकतो तो तुकडा तुम्ही मला चिमटीत धरून दाखवलात. "एवढासा रनर ढिला झालाय. बाहेर माणूस गारठून मरतंय आणि हे लोक चांगला कोट फेकतायत. डोकं जागेवर आहे का? आमच्या सिंधी शेठनं बघितलं असतं ना, वेडाच झाला असता साईं."

निलेशच्या हत्यारांच्या डब्यातून पक्कड काढून तुम्ही रनर दोन्ही बाजूंनी दाबलात, चेनवर मेणबत्तीचा तुकडा घासलात, आणि ती सरसर लागली. मी बत्तीस वर्षं खरेदी विभागात होते, मला वस्तू बाद करता यायची. वाचवता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो परत नेऊन दिलात आणि येताना दहा आणलेत. आठवडाभरात त्यांनी तुम्हाला तळघरात मशीन दिलं. भाषेला मी पाहिजे म्हणून मला ओढत नेलंत आणि दुभाषाचं काम संपलं की समोर कात्री ठेवायचात. "बसलाय तर धागे कापा." उल्हासनगरात धागे कापायला नवशिक्यांना बसवतात, हे मला नंतर कळलं.

आणि केतकी. नणंदबाईंना हे कोणीतरी सांगितलं पाहिजे. बाळंतपणानंतर माझी पोर दिवसदिवस खिडकीशी बसून रडत होती, आणि मी तिला सकाळपासून रात्रीपर्यंत काय खा, कशी बस, बाळाला कसं धर एवढंच सांगत होते. तुम्ही एक दिवस मला स्वयंपाकघरात गाठून म्हणालात, "ताई, गप बसा जरा. पोरगी आहे ती, मालाची पावती नाय." मग तिच्या पुढ्यात चार कोट टाकलेत आणि म्हणालात, "ह्याचे धागे काढून दे ग, माझे डोळे दुखतायत." डोळे कसले दुखतायत. मांडीवर इरा, हातात कात्री, केतकी धागे कापत बसली. चौथ्या कोटाला तिने विचारलं, "हा कोणी घातला असेल?" त्या थंडीतला तो तिचा पहिला प्रश्न होता. माझ्या लेकीला तुम्ही माणसांत आणलंत आणि मी तेव्हा तुमचे आभार मानले नाहीत, कारण मला राग आला होता. माझं मूल, आणि बरं करायची अक्कल तुमच्याकडे.

आता साखर.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. हे मी आईकडून शिकले, तुम्ही तुमच्या आईकडून. पण कोटालाही तोच नियम लावायचं डोक्यात येणं, ते फक्त तुमचंच. "खिसा रिकामा कसा द्यायचा?" असं स्वतःशी पुटपुटत तुम्ही टपालात येणाऱ्या जाहिरातींचे कागद फाडलेत, त्यात चमचा चमचा साखर घातलीत, वाण्यासारख्या चोख पुड्या बांधल्यात आणि शिवून झालेल्या प्रत्येक कोटाच्या खिशात एक घातलीत. मी समोर बसले होते. मला ते गोड वाटलं. मलाही सुचलं नाही, विहीणबाई. आपल्या दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की परदेशात, रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या खिशात, कागदाच्या घडीत पांढरी पूड म्हणजे लोक काय समजतील.

कोट टांगणाऱ्या मुलीचा हात एका खिशात गेला. मग दुसऱ्यात. आपण पोचलो तेव्हा वाटप थांबलेलं, लोक रांगेत ताटकळत, आणि तळघराच्या टेबलावर तुमच्या पुड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. केंद्राची प्रमुख, ती उंच हेलन, हातमोजे घालून बसलेली. ती वाईट बाई नव्हती. तिथे तरुण पोरं तसल्या पुड्यांनी मरत होती, तिला घाबरायचं कारण होतं.

तिने विचारलं, हे काय आहे. मी तुम्हाला सांगितलं.

"साखर, दुसरं काय?" तुम्ही हसलात. मग तिचा चेहरा बघून तुमचं हसू गेलं. "सांगा तिला. आमच्यात रिकामं देत नाहीत. एवढीच गोष्ट आहे. माझी काय चूक नाय. पटत नसेल तर साखर काढून घे म्हणावं, पण कोट वाट. माणसं बाहेर उभी आहेत." आणि तुम्ही पिशवीत हात घालून एक पुडी सोडलीत आणि साखर सरळ तोंडात टाकलीत. दुसरी सोडून हेलनपुढे धरलीत. "घ्या. खाऊन बघा."

हेलन माझ्याकडे बघत होती. निलेशच्या तिथे कायम राहण्याच्या कागदपत्रांचं काम चालू होतं. आपण दोघी पाहुण्यांच्या व्हिसावर. माझ्या डोळ्यांपुढे पोलीस, चौकशी, केतकीचं घर, सगळं येऊन गेलं. मी बत्तीस वर्षं ज्या इंग्रजीत पत्रं लिहिली त्याच इंग्रजीत म्हटलं, ही साखर आहे, या बाई अडाणी आहेत, यांना इथलं काही कळत नाही, यांना फार वाईट वाटतंय, त्या माफी मागतायत, पुन्हा होणार नाही.

हेलनने सुटकेचा निःश्वास टाकला, एका वहीत काहीतरी लिहिलं, मला सही करायला सांगितली. मी केली. वाटप सुरू झालं.

बर्फातून परत येताना तुम्ही माझ्यापुढे चालत वळणापर्यंत गेलात. मग म्हणालात, "तुम्ही सॉरी म्हणालात."

"म्हणजे कसं आहे..."

"सॉरी कळत नाय असं कोण आहे हो उल्हासनगरात? कोणाच्या वतीनं म्हणालात?"

"निलेशचे कागद अडकले असते, रत्नाताई. पोलिसात नाव गेलं असतं तर?"

"माझ्या पोराचं मी बघते. तुम्हाला भीती वाटली तर तुमच्या नावानं माफी मागायची. माझ्या नावानं का? मी काय चोरी केली? साखर दिली." तुम्ही थांबलात. पापण्यांवर बर्फ साठला होता. "ते परत घ्या."

मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. तुम्हाला ते त्या क्षणीच कळलं.

अडाणी म्हटलेलं तुम्हाला समजलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. चार वर्षांत पंचवीस वेळा तोंडाशी आलं आणि गिळलं. आज विचारते, आणि उत्तर मिळणार नाही हे माहीत असून विचारते. समजलं होतं ना?

मला वाटलं होतं, आता बाई रुसून घरी बसेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याआधी बूट चढवून तयार. "राग तुमचा आहे, कोटांनी काय केलंय?" तुम्ही गेलात, मशीनवर बसलात, आणि प्रत्येक कोटाच्या खिशात आता एक जादा बटण घालायला लागलात, सुईदोऱ्यासकट. "ह्याला कोण हरकत घेतं बघते." कोणीच घेतली नाही. पुढच्या आठवड्यात एक म्हातारा बायकोसाठी कोट न्यायला आला. त्याच्या अंगावर तुमचा काळा कोट होता. पुड्या सापडायच्या आदल्या दिवशीच तो कोट पुडीसकट वाटला गेला होता. त्याने बायकोच्या कोटाचे दोन्ही खिसे उलटे करून बघितले आणि हेलनला विचारलं, यात साखर नाही का? हेलन गोरीमोरी झाली. मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आता तिला सांगा." मी सांगितलं नाही. तेव्हा सोपं होतं. एक वाक्य होतं. मी धागे कापत बसले.

परत आल्यावर काय काय झालं. तुम्ही शिरगावला यायचात तेव्हा मी चहा पुढे ठेवला की साखरेचा डबा माझ्याकडे सरकवून विचारायचात, "मग? घेतली का परत?" मी म्हणायचे, "रत्नाताई, इतके दिवस झाले, कोणाला आठवतंय?" तुम्ही म्हणायचात, "मला." आणि मग मटण खाऊन जायचात, इराच्या फोटोंवर भांडायचात, माझ्या पडद्यांची टीप उसवली म्हणून मला नावं ठेवायचात आणि तिथेच बसून ती घालून द्यायचात. एवढं भांडण आणि एवढं येणंजाणं माझं कोणाशीच नव्हतं. माझ्या बहिणींशीही नाही.

शेवटचा फोन तुम्ही केलात तो पंधरा दिवसांपूर्वी. "ताई, ह्या थंडीत जाऊ परत. दोघी. अर्धा किलो रनर घेऊन ठेवलेत, सगळ्या नंबरचे. तुमची कात्री तुम्ही आणा." मी काय म्हटलं असेन? बघू म्हटलं. दोन दिवसांनी निलेशचा फोन आला.

तर आता ऐका.

काल कॅम्पात तुमच्या घरी सामान आवरत होतो. दरवाजामागे, साडीच्या कव्हरात, तुमचा कोट. निलेशने तुम्हाला घेतलेला तो तपकिरी. उल्हासनगरच्या उकाड्यात चार वर्षं जपून टांगलेला. नणंदबाई म्हणाल्या, "हा कोण घालणार? चेनपण अडकतीय. भंगारात टाका." मी कोट त्यांच्या हातातून घेतला. लोकांच्या शंभर चेनी लावून दिल्यात आणि स्वतःची तशीच. निलेश परवा परत जातोय. मी त्याला विचारलं, हा त्या केंद्रात देशील? तो कोटाची बाही धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, द्या. सामानात नाही घालत. हातावरच ठेवतो."

मी तुमच्या मशीनवर बसले. तुमच्या पिशवीतून त्याच नंबरचा रनर शोधला. पहिला तिरका बसला, दुसरा निसटून मशीनखाली गेला. केतकी म्हणाली, आई राहू दे, गल्लीत कोणीही करून देईल. मी म्हटलं, नाही. तिसरा बसला. मेणबत्ती घासली. चेन लागली.

मग तुमच्याच टेबलावर बसून हेलनला पत्र लिहिलं. हेलन तिथे नसेल तर जी असेल तिला. हाताने, इंग्रजीत, सरकारी वळण न घेता. लिहिलं की चार वर्षांपूर्वी तुमच्या वहीत एक माफी लिहिली गेली, तिच्यावर माझी सही आहे. ती माफी मी रचलेली होती. रत्नप्रभाताईंनी माफी मागितली नव्हती. त्या अडाणी नव्हत्या, अडाणीपणा माझा होता. त्या म्हणाल्या होत्या की आमच्यात रिकामं देत नाहीत, आणि माणसं बाहेर उभी आहेत, कोट वाटा. कृपा करून वहीत तेवढी दुरुस्ती करावी. हा कोट त्यांचा आहे. या कागदात साखर आहे.

केतकीने वाचलं. "आई, तिकडे पुन्हा गोंधळ होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "विचारलं तर माझं नाव सांग. पत्ताही लिहिलाय खाली."

तुमच्या डब्यातली साखर त्या पत्रावर घातली आणि घडी घालायला लागले. तुम्ही मला पुडी बांधायला शिकवायचात तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं, वाण्याचं काम म्हणून. एका कोपऱ्यातून थोडी सांडली. सांडू दे. जशी जमली तशी बांधली आणि तुमच्या कोटाच्या उजव्या खिशात घातली. डाव्या खिशात एक बटण, सुईदोऱ्यासकट. बाकीचे रनर माझ्या पर्समध्ये आहेत. ते मी देणार नाही. ह्या थंडीत ते मी स्वतः घेऊन जाणार आहे, कात्रीसकट. बघू नाही, जाणार.

माफी परत घेतली, विहीणबाई. तुम्ही साखरेचा डबा पुढे सरकवून विचारलं असतंत, तर पहिल्यांदाच मला हो म्हणता आलं असतं.